कासवाच्या पिल्लाला हवी दमट ऊब

कासव म्हटले की पाणी आठवते. विहिरीतले, नदीतले आणि माळरानावरचे, या तिन्हींसाठी आपल्याकडे 'कासव' हा एकच शब्द आहे. त्यामुळे जमिनीवर राहणारे कासवाचे पिल्लू घरात आले की त्याला काचेच्या पेटीत किंवा पाण्याच्या टबात सोडले जाते. या पिल्लाला पोहता येत नाही. पाणी खोल असेल तर ते बुडून मरते. पाण्यातून वाचले तर दुसरी चूक होते. 'हा कोरड्या प्रदेशातला प्राणी' असे कोणीतरी सांगते आणि पिल्लू वाळू पसरलेल्या उघड्या खोक्यात बल्बखाली ठेवले जाते. तिथे ते काही आठवड्यांत हळूहळू वाळत जाते.

जालन्यासारख्या कोरड्या हवेच्या जिल्ह्यात हा दुसरा धोका मोठा आहे. इथे वर्षातला बराच काळ हवेत ओलावा कमी असतो, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी पडते. कासवाच्या पिल्लाला या तिन्ही गोष्टी मानवत नाहीत.

आधी ओळख, मग कायदा

जालना जिल्ह्यात पावसाळ्यात विहीर, शेततळे किंवा नाल्याकाठी दिसणारे कासव बहुधा मऊ पाठीचे, चपटे आणि पायाच्या बोटांमध्ये पडदे असलेले असते. ते पाण्यातले कासव होय. त्याला घरी आणायचे नाही, पाण्याजवळ सोडून द्यायचे.

जमिनीवरच्या कासवाची पाठ घुमटासारखी उंच आणि टणक असते. पाय हत्तीच्या पायांसारखे जाडजूड असतात. यातले भारतात सर्वांत जास्त चोरून विकले जाणारे म्हणजे स्टार कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या, ही त्याची खूण. वाळलेल्या गवतात लपण्यासाठी निसर्गाने दिलेली ही नक्षीच त्याच्या मुळावर आली आहे. त्याचे मूळ घर गुजरात, राजस्थान, पाकिस्तानचा आग्नेय भाग, दक्षिण भारतातील कोरडी झुडपी राने आणि श्रीलंका. म्हणजे जालन्यातल्या एखाद्या घरात ते दिसले, तर बहुतेक वेळा कोणीतरी दूरच्या रानातून पकडून, पिशवीत कोंबून ते इथवर आणलेले असते.

हा व्यापार किती मोठा आहे याचा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आला. भारतातील व्यापाराच्या एकाच केंद्रातून वर्षभरात किमान ५५ हजार स्टार कासवे पकडली गेल्याचे त्यात दिसले. २०१९ मध्ये या कासवाला वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे 'साइट्स'च्या, पहिल्या परिशिष्टात घालून त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी आणली गेली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आले. आता ते पकडणे, विकणे किंवा बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'आम्ही विकत घेतले नाही, पाहुण्यांनी भेट दिले' हे सांगून सुटका होत नाही.

घरात कासव असले की लक्ष्मी टिकते, असा समज अनेक घरांत आहे. त्यासाठी पितळी कासव ताटलीतल्या पाण्यात ठेवावे. त्याला ऊब लागत नाही, ओल लागत नाही आणि त्याच्यासाठी कोणाला तुरुंगातही जावे लागत नाही.

मग घरी कोणते कासव ठेवता येते? आफ्रिकेतील सल्काटा या मोठ्या कासवाची पिल्ले आपल्याकडे पाळीव प्राण्यांच्या बाजारात दिसतात. 'साइट्स'च्या यादीतील अशा परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करणे २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पुढची सर्व माहिती अशा नोंदणीकृत पिल्लासाठी आहे. पकडलेली कासवे सांभाळणाऱ्या केंद्रांनाही पिल्लांसाठी हीच काळजी घ्यावी लागते.

ओलावा इतका महत्त्वाचा का?

मोठे कासव कोरड्या माळावर आरामात फिरते, मग पिल्लाला दमट हवा का लागावी? याचे पहिले उत्तर आकारात आहे. लिंबू आणि कलिंगड एकत्र उन्हात ठेवले तर लिंबू आधी सुकते, कारण वजनाच्या मानाने त्याचा बाहेरचा पृष्ठभाग जास्त असतो. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू हे लिंबासारखे आहे.

दुसरे उत्तर ऋतूत आहे. कोरड्या रानातली ही कासवे पावसाळ्यात सर्वाधिक हालचाल करतात. त्या काळात कोवळे गवत असते, माती ओली असते, हवा दमट असते आणि वाढ मुख्यतः तेव्हाच होते. कोरड्या दिवसांत पिल्ले झुडपांच्या मुळाशी, पाचोळ्याखाली, बिळांत दडून राहतात. तिथली हवा वरच्या माळापेक्षा बरीच ओलसर असते. आपल्याला दिसतो तो कोरडा माळ. पिल्लू मात्र त्या माळातल्या ओल्या कोपऱ्यात वाढत असते.

जालन्यातील रेशीम उत्पादकांना हे वेगळे सांगायला नको. जालना बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली आणि जिल्ह्यात तुतीची लागवड रुजली. रेशमाची बाल्यावस्थेतील अळी, म्हणजे चॉकी, २७-२८ अंश सेल्सिअस आणि ८० ते ९० टक्के आर्द्रतेत वाढवतात. अळी मोठी झाली की दोन्ही कमी करतात. कासवाचे पिल्लू हा पूर्ण वेगळा जीव, पण लहानपणी ऊब आणि ओल जास्त, हा नियम त्यालाही लागू आहे.

ओल कमी पडली तर काय होते, हे व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी सल्काटाची ५० पिल्ले पहिले पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि आहारात प्रथिनांचे प्रमाण वेगवेगळे ठेवून वाढवली. तोवर पाठीवर उंचवटे येण्याचा दोष जास्त प्रथिनांना दिला जाई. प्रत्यक्षात प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला. कोरड्या हवेतील पिल्लांच्या पाठीवर उंच टेंगळे आली, दमट हवेतील पिल्लांची पाठ गुळगुळीत राहिली.

कासवाची पाठ आतून हाडाची आणि वरून आपल्या नखासारख्या पदार्थाची असते. वाढ प्रत्येक चकतीच्या कडेला होते. ही कड वाळून ताठ झाली की नवा थर सरळ पसरत नाही, वाकडा वाढतो आणि खालचे हाडही त्याच आकारात घडत जाते. एकदा आलेले टेंगूळ पुन्हा सपाट होत नाही. आतल्या आत होणारे नुकसान याहून गंभीर असते. पाणी वाचवण्यासाठी कासव शरीरातील टाकाऊ नत्र पांढऱ्या, लगद्यासारख्या युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. पाणी कमी पडले की हा लगदा खरखरीत होतो, मूत्राशयात खडा होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पिल्लू खात असते, पण वाढत नाही.

बल्ब लावला की हवा कोरडी होते

हिवाळ्यात खोलीत १५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे असे समजा. उघड्या खोक्यावर बल्ब लावून हीच हवा ३० अंशांपर्यंत तापवली आणि वरून पाणी मिळाले नाही, तर आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते. हवेतील वाफ तेवढीच राहते, पण गरम हवेची ती सामावून घेण्याची क्षमता वाढलेली असते. म्हणून नुसती ऊब देणे म्हणजे पिल्लाला वाळवणे. उपाय एकच, पेटी जवळपास बंद हवी आणि ओल तळाच्या मातीतून यायला हवी.

पेटी: सुरुवातीला सुमारे तीन फूट लांब, दोन फूट रुंद प्लास्टिकची किंवा लाकडी पेटी पुरते. वर झाकण हवे, त्याला हवेसाठी थोडीच भोके. पारदर्शक पेटीच्या बाजूंना बाहेरून कागद चिकटवावा, नाहीतर पिल्लू दिवसभर काचेवर धडका देत राहते.

तळ: रोपवाटिकेत मिळणारे कोकोपीट भिजवून, पिळून दोन-तीन इंच जाडीचा थर द्यावा. ओल कमी झाली की कोपऱ्यातून पाणी ओतावे, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा जवळपास कोरडा राहतो. पिल्लू सतत चिखलात बसले तर पोटाकडची ढाल कुजते. वाळू, लाकडाचा भुसा, वर्तमानपत्र यातले काही नको. वाळू पोटात जाऊन आतडे अडते.

ऊब: उष्णता वरून द्यावी, पेटीच्या एका टोकाला. दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २६-२७ अंश आणि रात्री कुठेही २५ अंशांच्या खाली नको. पिल्लाला गरम आणि गार यांतून निवड करता आली पाहिजे. रात्री प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा आणि त्याला थर्मोस्टॅट जोडावा. डिजिटल तापमापक-आर्द्रतामापक पिल्लाच्या उंचीवर ठेवावा, झाकणाला नव्हे. आर्द्रता ७० ते ८० टक्के हवी.

आडोसा आणि पाणी: जुन्या माठाचा तुकडा उपडा ठेवला की लपायला जागा झाली. कुंडीखालची उथळ मातीची थाळी तळाच्या पातळीत रुतवून त्यात रोज ताजे पाणी द्यावे. शिवाय रोज १५-२० मिनिटे कोमट पाण्याच्या भांड्यात बसवावे. पाणी पाठ आणि पोट यांच्या सांध्यापर्यंतच असावे, मान वर करून श्वास घेता आला पाहिजे.

यात एक पथ्य आहे. ओल आणि गारवा एकत्र आले की फुप्फुसाचा आजार होतो. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे ही त्याची लक्षणे. अशा वेळी पशुवैद्यकाकडेच जावे. रात्री वीज गेली तर पिल्लाला थर्माकोलच्या खोक्यात कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवावे, झाकणाला हवेसाठी भोके असावीत.

उन्हाळ्यात गणित उलटते. पत्र्याच्या खोलीत दुपारी पेटी भट्टी होते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या आसपास गेले तर जिवाला धोका. एप्रिल-मेमध्ये दिवसा दिवा बंद ठेवावा, पेटी तळमजल्यावर फरशीवर आणावी आणि रेशमाच्या संगोपनगृहात करतात तसे भोवती ओले गोणपाट लावावे. कूलरचा झोत थेट पेटीवर नको.

ऊन आणि पाला

हाडे आणि कवच घडण्यासाठी कॅल्शियम लागते आणि ते पचायला 'ड' जीवनसत्त्व. उन्हातील अतिनील-ब किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. हे किरण खिडकीची काच अडवते, त्यामुळे खिडकीतले ऊन उपयोगाचे नाही. सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास, अर्धी सावली असलेल्या उघड्या टोपलीत, माणूस शेजारी बसून, हा उत्तम उपाय. मांजर आणि कावळ्याला एक क्षण पुरतो. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नये.

खाण्याला हरळी, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेली नागफणी, तुतीची पाने द्यावीत. फवारणी झालेल्या शेतातला किंवा द्राक्षबागेतला पाला नको. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन पेटीत ठेवले की पिल्लू कॅल्शियमसाठी ते कुरतडते. पोळी, भात, दूध, बिस्किटे ही माणसाची माया झाली, कासवाचे अन्न नव्हे.

घरातल्या लहानग्यांसाठी

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतो. त्याने माणसाला ताप, जुलाब, उलट्या होतात. अमेरिकेत मुलांमधील याच आजारामुळे १९७५ पासून चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती आणि वृद्ध यांनी पिल्लू हाताळू नये. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटी आणि भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत.

स्टार कासव सापडले तर

शेजारी किंवा बाजारात स्टार कासव दिसले, तर वनविभागाच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवावे. माणसे येईपर्यंत ते हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवावे आणि थोडा वेळ उथळ कोमट पाण्यात बसवावे. दया येऊन जवळच्या माळावर सोडून देऊ नये. इथला माळ त्याचे घर नाही, आणि पिशव्यांतून आलेल्या कासवांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागू शकतात. मूळ रानात परतायचे तर तपासणी आणि काही काळ देखरेख लागते. २०१८ मध्ये सिंगापूरला पकडलेली ५१ स्टार कासवे विमानाने बंगळूरला परत आणली गेली, तीही थेट रानात न सोडता आधी देखरेखीखाली ठेवण्यासाठीच.

परदेशी कासव नोंदणी करून पाळायचे असले तरी एक हिशेब आधी मांडावा. तळहातावर मावणारे सल्काटाचे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोंचे होते, अंगणात बिळे खणते आणि अनेक दशके जगते. पेटीची गरज दोन-तीन वर्षांत संपते. त्यानंतर त्याला कुंपण घातलेली मोकळी जागा लागते, आणि आपल्यानंतर त्याला सांभाळणारे माणूसही. ही दोन्ही उत्तरे हाती नसतील, तर पिल्लू घरी न आणलेलेच बरे.