स्टायलोचा शेंडा हिरवा. पण चाऱ्यात स्फुरद आहे का?

मुरमाड माळावर स्टायलो लावणारे शेतकरी हमखास सांगतात, ‘खत काहीच दिले नाही, तरी पीक हिरवे आहे.’ ते खरेही असते. पण त्याच चाऱ्यावरची जनावरे माती, हाडे, चिंध्या चघळू लागली, तर स्फुरदाच्या कमतरतेची शंका घ्यावी.

जमिनीतून स्फुरद कमी मिळू लागले, की स्टायलो लगेच वाढ थांबवत नाही. जुन्या पानांतील स्फुरद सुटे होऊन अन्नरसासोबत शेंड्याकडे आणि पुढे फुले-शेंगांकडे जाते. नत्राचेही तसेच. जुन्या पानातील प्रथिने मोडून त्यांची अमिनो आम्ले नव्या पानांना पुरवली जातात. पान पिवळे होऊन गळते तोवर त्यातील बरेचसे नत्र व स्फुरद निघून गेलेले असते. पालाश आणि मॅग्नेशियमही असेच फिरतात, म्हणून या चौघांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. कॅल्शियम मात्र पेशीभित्तिकेत अडकून राहते. ते जुन्या पानातून परत निघत नाही, त्यामुळे त्याची कमतरता कोवळ्या शेंड्यावर दिसते. बोरॉनचेही साधारण तसेच.

स्फुरदाच्या बाबतीत नजर फसते. कमतरता असलेले झाड पिवळे न पडता खुजे, बारीक पानांचे आणि उलट जास्त गडद हिरवे दिसू शकते. शिवाय हा फेरवापर झाडाला जगवतो. जनावराची गरज त्यातून भागेलच असे नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात स्फुरद कमी असलेल्या जमिनींवर स्टायलो चांगला वाढतो, तरी तिथल्या गुरांना स्फुरद वेगळे द्यावे लागते.

पान परीक्षणासाठी नमुना घेताना खालची पिवळी पाने तोडू नका. शेंड्याजवळची, नुकतीच पूर्ण उघडलेली पाने घ्या. जुनी आणि नवी पाने एकत्र केली, तर येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही.

कापणी फुलोरा सुरू होताना करावी. शेंगा भरेपर्यंत थांबल्यास पानांतील नत्र-स्फुरद बियांत जाते, बी झडते आणि हाती काडी जास्त येते. (बी हवे असेल तर एक पट्टा वेगळा राखा.) बुडाशी थोड्या फांद्या व पाने ठेवून कापा. फुटव्याला लागणारी पहिली शिदोरी तिथूनच मिळते.

खतांत माझी पसंती सिंगल सुपर फॉस्फेटला आहे. 50 किलोच्या एका पोत्यातून 8 किलो स्फुरद आणि सुमारे साडेपाच किलो गंधक मिळते. गंधक जुन्या पानांतून फारसे हलत नाही, म्हणून ते बाहेरून मिळालेले बरे. मात्रा माती परीक्षणानुसार ठरवा आणि खत पावसाच्या सुरुवातीला द्या. चघळण्याची सवय लागलेल्या जनावरांना मात्र खताचा परिणाम चाऱ्यात उतरेपर्यंत ताटकळत ठेवू नका. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण आजच सुरू करा.