चढ दमवतो, उतार दुखवतो

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने एल्क या मोठ्या हरणाची शिकार सुरू होते, बंदुकीचा मुख्य मोसम ऑक्टोबरपासून. म्हणून सुटलेल्या पोटाचे शिकारी उन्हाळाभर सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरून टेकड्या चढत-उतरत असतात.

एल्कचा मोठा नर 300 किलोच्या आसपास भरतो. तो पडला की खरी मेहनत सुरू: मांस पाठीवर लादून, खेपा करत गाडीपर्यंत आणायचं. तेही बऱ्याचदा 10,000 फुटांवर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 70 टक्के.

नुसतं वजन घटवून भागत नाही. चढावर धाप लागते. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरू न देणारं दुखणं उताराचं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. गंमत म्हणजे एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच उतार कमी छळतो. वाळूच्या पिशव्यांचा खरा उपयोग हा.

हृदयाचं गणित निराळं. मिशिगनमध्ये हरणांच्या शिकाऱ्यांचे ठोके मोजले, तेव्हा काहींचे ट्रेडमिलवरच्या कमाल आकड्याच्याही वर गेले. सावज दिसल्यावरची धडधड ट्रेडमिलवर कुठून येणार?