मनोरा जागचा का हलतो?

शहागंजच्या बाजारातल्या एखाद्या कापड दुकानाची वेबसाइट करायची आणि तिच्या मागे तिथल्याच घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो लावायचा; शाली-साड्यांची यादी वर सरकत राहील, मनोरा मात्र जागचा हलणार नाही, ही कल्पना कुणालाही आवडेल अशी आहे. सीएसएसमध्ये त्यासाठी एक ओळ आहे, 'बॅकग्राउंड-अटॅचमेंट: फिक्स्ड'. प्रत्यक्षात वर्डप्रेसवर थीम चढवली की मनोरा यादीबरोबर वर निघून जातो, नाहीतर मोबाइलवर गायबच होतो. मग फोटो बदलून बघ, थीम बदलून बघ, असं सुरू होतं. माझं म्हणणं असं, की कोडला हात लावण्याआधी ब्राउझरला एकच गोष्ट विचारावी: चित्र स्थिर ठेवायचं आहे, हा हुकूम तुझ्यापर्यंत पोचला का? 'नाही' असं उत्तर आलं तर दुखणं एक, 'हो' आलं तर दुसरंच, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

उत्तर शोधणं अवघड नाही. संगणकावर क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडावं, ज्या घटकाला चित्र लावलंय तो निवडावा आणि 'कंप्युटेड' या यादीत अटॅचमेंटची किंमत वाचावी. तिथे 'स्क्रोल' दिसलं, तर हुकूम वाटेतच अडला. याचं फार वेळा आढळणारं कारण म्हणजे 'बॅकग्राउंड' हा आखूड नियम. चित्र, रंग, जागा सगळं एका ओळीत सांगायची सोय तो देतो, पण त्यात जे सांगितलं नसेल ते मूळपदावर नेऊन ठेवतो. वर 'फिक्स्ड' लिहिलं आणि थीमने खाली नुसतं 'बॅकग्राउंड: पांढरा' म्हटलं, की फिक्स्ड पुसलं जातं आणि चित्रही जातं. हरलेला नियम शेजारच्या 'स्टाइल्स'मध्ये रेघ मारलेला दिसतो. यावर बरेच जण 'इम्पॉर्टंट' जोडून मोकळे होतात. काम होतंही, पण कोणता नियम आड आला हे न बघता जोडलेला इम्पॉर्टंट पुढच्या प्रत्येक बदलाला आडवा येतो. दुरुस्ती थीमच्या मूळ फाइलमध्ये केली, तर थीम अपडेट होताच ती जाते. तिची जागा चाइल्ड थीममध्ये.

किंमत 'फिक्स्ड' दिसते आणि तरीही मनोरा हलतो, तेव्हा मात्र इम्पॉर्टंटचा काही उपयोग नाही. फिक्स्ड म्हणजे चित्र ब्राउझरच्या खिडकीला खिळलेलं. पण त्या घटकावर किंवा त्याला सामावणाऱ्या एखाद्या डब्यावर 'ट्रान्सफॉर्म' असेल (पान अलगद सरकत उघडावं म्हणून थीम तो हमखास लावतात), तर सीएसएसच्या नियमानुसारच फिक्स्डला स्क्रोल मानलं जातं, आणि कंप्युटेडमध्ये तरीही 'फिक्स्ड' असंच दिसत राहतं. हा बारकावा ठाऊक नसला की माणूस तासन्‌तास बरोबर असलेली ओळ दुरुस्त करत बसतो. आयफोनची गोष्ट वेगळी: तिथल्या सफारीवर हा गुण भरवशाचा नाही, म्हणून वर्डप्रेसचा 'कव्हर' ब्लॉक अशा फोनवर स्वतःहून चित्र स्क्रोलवर टाकतो. हालचाल कमी ठेवा, असं ज्यांनी फोनला सांगून ठेवलंय त्यांच्यासाठीही तो तेच करतो.

गायब होणाऱ्या मनोऱ्याचा हिशेब खिडकीच्या मापातच आहे. फिक्स्ड चित्राचं सीएसएसमधलं 'कव्हर' हे माप (वरच्या ब्लॉकशी त्याची गल्लत नको) घटकावरून नव्हे, खिडकीवरून ठरतं. फोटो 1600 बाय 900चा आणि मोबाइलची खिडकी 360 बाय 800ची धरा. उंची भरायला फोटो 800वर येतो, रुंदी साधारण 1422 होते, आणि त्यातले 360 म्हणजे जेमतेम पाव भाग दिसतो. जागा सांगितली नसेल तर तो पाव भाग डाव्या कडेचा. मनोरा फोटोच्या मधोमध असेल, तर दिसणार फक्त शेजारच्या इमारती आणि आभाळ.

मग फिक्स्ड सोडूनच द्यावं, असं कुणी म्हणेल. मोबाइलपुरतं ते मला मान्य आहे. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर 1996ची, हा गुण तिच्यातलाच; तेव्हा खिडकी म्हणजे टेबलावरचा आडवा पडदा होता. पण रुंद पडद्यावर मजकुरामागे थांबलेला मनोरा गावाची ओळख नजरेसमोर धरून ठेवतो, आणि मोबाइलच्या अडचणीपायी ती तिथून काढायचं कारण नाही. मोठ्या पडद्यासाठी फिक्स्ड आणि जागा 'सेंटर', अरुंद पडद्यासाठी मीडिया क्वेरीत स्क्रोल आणि मनोऱ्याचा वेगळा उभा फोटो, एवढं करावं. मनोरा मुळात उभाच आहे; मोबाइलच्या पडद्यावर तो तबकडीसकट मावतो.