एका शहरातील पाच मैना

कोलकात्यात शाळेला निघालेल्या मुलाला वाटेत एकटी साळुंकी दिसली, तर ते चटकन आजूबाजूला दुसरी शोधू लागते. एक ‘शालिक’ दिसणे अशुभ आणि दोन दिसणे शुभ, असा बंगालमधील जुना लोकसमज आहे. शुभाशुभाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या समजुतीमागे एक अचूक निरीक्षण दडलेले आहे. साळुंकी हा जोडीने राहणारा पक्षी आहे. विणीच्या हंगामात, म्हणजे साधारणपणे एप्रिल ते ऑगस्ट या काळात, ती एकटी दिसली, तर तिचा जोडीदार बहुधा जवळच्याच एखाद्या भिंतीतील भोकात अंडी उबवीत बसलेला असतो. मुलाला न दिसणारा दुसरा पक्षी फार दूर नसतो.

प्रस्तुत प्रकरणात आपल्याला या भोकाचाच विचार करावयाचा आहे. एखाद्या शहरात मैनांच्या किती जाती नांदू शकतील, हे तेथे मिळणाऱ्या अन्नाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, घरट्यासाठी मिळणाऱ्या जागांवर अवलंबून असते.

बंगालीतील ‘शालिक’ हा शब्द संस्कृत ‘सारिका’ या शब्दापासून आला आहे. सारिका कुलात सुमारे १२० जातींचा समावेश होतो. मूळचे हे सर्व पक्षी आशिया, आफ्रिका, युरोप आणि प्रशांत महासागरातील बेटे या भागांतील होत. मजबूत पाय, सरळ व टोकदार चोच आणि कर्कश असला तरी विविध स्वरांनी भरलेला आवाज ही त्यांची सामान्य लक्षणे. चिमणी उड्या मारीत पुढे सरकते. साळुंकी मात्र एकामागून एक पाऊल टाकीत चालते. या कुलातील अनेक पक्ष्यांच्या जबड्यांचे स्नायू एका विशेष कामासाठी घडलेले असतात. मिटलेली चोच गवताच्या मुळांशी खुपसून ते ती आतल्या आत उघडतात, त्यामुळे माती फाकते आणि दडलेला किडा उघडा पडतो. किडे, फळे, धान्य, उष्टेखरकटे असे काहीही त्यांना चालते. मात्र निवाऱ्याच्या बाबतीत त्यांची एक अडचण आहे. बहुतेक जाती ढोलीत वा भोकात घरटे करतात. परंतु सुतार पक्ष्याप्रमाणे लाकूड कोरून ढोली तयार करणे त्यांना साधत नाही.

कोलकात्यात आणि शहराच्या परिसरात या कुलातील पाच जाती सहज आढळतात. आपली ही अडचण प्रत्येकीने वेगळ्या रीतीने सोडविली आहे.

पहिली आपल्या नित्य परिचयाची साळुंकी. काळे डोके, तपकिरी अंग, डोळ्याभोवती पिवळी कातडी आणि उडताना पंखावर उमटणारा पांढरा पट्टा यांवरून ती ओळखता येते. तिला कोणतेही भोक चालते. उत्तर कोलकात्यातील जुन्या विटांच्या घरांच्या फटी, झरोके, निकामी नळ, दिव्याच्या खांबांची पोकळी, वृक्षांच्या ढोल्या यांपैकी काहीही ती वर्ज्य मानीत नाही. आत काटक्या, गवत, चिंध्या व कागद भरून मादी ४-५ निळसर अंडी घालते. ती उबविण्याचे काम नर आणि मादी आळीपाळीने करतात. सुमारे अडीच आठवड्यांनी पिले बाहेर येतात आणि त्यानंतर तीन आठवड्यांहून थोड्या अधिक काळाने ती घरटे सोडतात.

दुसरी कबरी मैना. काळ्यापांढऱ्या रंगाची ही मैना ओल्या गवताळ जमिनीवर, विशेषतः गुराढोरांच्या आसपास चरते. म्हणूनच बंगालमध्ये तिला ‘गो-शालिक’ किंवा ‘गोबरे शालिक’ म्हणतात. हिने भोकाचा प्रश्न मुळातूनच निकालात काढला आहे. झाडाच्या फांद्यांत ती काड्या, गवत आणि चिंध्या यांचे मोठे, गबाळे, वरून झाकलेले घरटे उघड्यावर बांधते. तिला भिंत नको. पण झाड आणि गवताचे मैदान ही दोन्ही हवीत.

तिसरी गंगा मैना, बंगालीतील ‘गांग शालिक’. राखाडी अंग आणि डोळ्याजवळील विटकरी रंगाची कातडी ही तिची खूण. ढोली कोरता आली नाही, तरी माती उकरणे तिला जमते. नदीच्या उभ्या मातकट काठात बोगदे खणून या मैना वसाहतीने राहतात. कधी कधी अंड्यांची कोठडी तोंडापासून एक मीटरहूनही अधिक आत असते. वीटभट्ट्यांसाठी माती काढलेल्या खड्ड्यांच्या कडाही त्यांना चालतात.

चौथी राखी डोक्याची मैना, म्हणजे ‘काठ शालिक’. ही अधिकतर झाडावरच वावरते आणि सावर व पांगारा यांच्या फुलांतील मध आवडीने पिते. तिचे घरटे बहुधा तांबट किंवा सुतार पक्ष्याने कोरून सोडून दिलेल्या ढोलीत असते. पाचवी जंगली मैना. कपाळावरील पिसांच्या तुऱ्यामुळे तिला ‘झुँट शालिक’ म्हणतात. वृक्षांच्या ढोल्या हाच तिचाही मुख्य आधार. मराठी वाचकांना या जातीविषयी एक गोष्ट कुतूहलाची वाटेल. बंगालकडील या पक्ष्याचे डोळे पिवळे असतात, तर पश्चिम भारतातील उपजातीचे निळसर पांढरे. दख्खनमध्ये पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३२ साली त्या उपजातीला मराठ्यांच्या देशावरून ‘महारट्टेन्सिस’ असे नाव दिले.

भोके मोजकी आणि उमेदवार अनेक, अशी स्थिती असल्याने विणीच्या आरंभी भांडणे जुंपतात. दोन साळुंक्या पायांत पाय अडकवून जमिनीवर लोळताना आणि इतर भोवती कलकलाट करताना पुष्कळांनी पाहिल्या असतील. असे भांडण पुष्कळदा घरट्याच्या जागेवरून असते. पोपट, पिंगळा आणि दयाळ हेही ढोल्यांचे गरजू आहेत. संध्याकाळी मात्र दृश्य पालटते. दिवसभर पांगलेल्या साळुंक्या सूर्यास्तापूर्वी ठरावीक वृक्षांवर शेकड्यांनी जमतात आणि अंधार पडेपर्यंत गोंगाट करतात. समूहात शत्रूची चाहूल लवकर लागते, हा या एकत्र निजण्याचा एक मोठा लाभ मानला जातो.

या पाच जातींत सर्वांत कमी चोखंदळ आहे ती साळुंकी, आणि तिच्या यशाचे रहस्यही हेच. १७६२ साली टोळांच्या बंदोबस्तासाठी ती भारतातून मॉरिशसला नेण्यात आली. पुढील शतकात ती ऑस्ट्रेलिया आणि हवाई येथेही पोहोचली. तेथे तिने टोळ खाल्ले. पण स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्यांवरही हक्क सांगितला. २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी जगातील शंभर उपद्रवी आगंतुक जातींची यादी केली. तीत केवळ तीन पक्षी आहेत आणि त्यांपैकी दोन सारिका कुलातील: आपली साळुंकी आणि १८९० साली न्यूयॉर्कमध्ये सोडण्यात आलेली युरोपीय मैना. तिसरा पक्षी आपला लालबुड्या बुलबुल होय.

कोलकात्यात साळुंकी आगंतुक नाही. ती तेथील मूळ रहिवासी आहे. तिच्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. परंतु तिची कहाणी इशारा म्हणून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नदीचा मातीचा काठ दगड-काँक्रीटने बांधून काढला, की गंगा मैनेचे घर जाते. वाळलेला वृक्ष तत्काळ तोडला, की तांबटाला ढोली कोरण्यास लाकूड उरत नाही आणि काठ शालिकला उसनी ढोली मिळत नाही. ओले मैदान बुजविले, की गो-शालिक दूर जाते. २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळाने शहरातील हजारो वृक्ष उन्मळून पाडले. त्यांच्या जागी रोपे लावता येतात. पण रोपाला ढोली पडण्यास कित्येक वर्षे जावी लागतात. असे बदल होत गेले, की ज्याला काहीही चालते तोच पक्षी टिकतो. पाच जातींच्या ठिकाणी एकच उरली, तरी आकाशात पक्षी तेवढेच दिसतील आणि काही हरवले आहे हे सहजासहजी कोणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून पक्षी मोजण्याबरोबर जागाही मोजावयास हव्यात. वाचकांनी एखाद्या एप्रिलमध्ये आपल्या वस्तीतील जुन्या भिंती, नाल्यांचे काठ आणि वठलेली खोडे पाहून कोठे कोण शिरते याची नोंद करावी. धोका नसेल तेथे वठलेले खोड उभे राहू द्यावे. एवढे केले, तरी आपल्या गावात एकाहून अधिक प्रकारच्या मैनांना राहता येईल की नाही, याचे उत्तर पुष्कळसे हाती येईल.