बोळ : नाव एक, पदार्थ दोन

घरात बाळंतीण आली की आजी सांगते, ‘दुकानातून थोडा बोळ आण.’ आणणारा नवखा असेल तर दुकानदार विचारतो, ‘कोणता? बाळंतबोळ की काळा बोळ?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन्ही गडद रंगाचे, दोन्ही कडू, दोन्ही खड्यांच्या रूपात मिळणारे. पण पहिला आहे एका झाडाचा वाळलेला चीक, तर दुसरा कोरफडीचा आटवून घट्ट केलेला रस. या दुसऱ्यात ऍलोइन नावाचे तीव्र रेचक असते. मुका मार लागला की त्याचा लेप घालतात, ते ठीक. पण बाळंतबोळ समजून तोच पोटात गेला, तर आधीच थकलेल्या बाळंतिणीला जुलाब होतील.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गोंधळाला आणखी वाव आहे. १९४७ च्या फाळणीनंतर उल्हासनगरात सिंधी कुटुंबे वसली. कारखान्यांमुळे इतर प्रांतांतूनही माणसे आली. त्यामुळे एकाच वर्गात घरी ‘हिराबोळ’ ऐकणारी मुले असतात, तशी ‘मुर’, ‘एलुवा’, ‘मुसब्बर’ ही हिंदी-उर्दू नावे ऐकणारीही असू शकतात. यांतले हिराबोळ, बाळंतबोळ आणि मुर म्हणजे झाडाचा चीक. काळा बोळ, एलुवा आणि मुसब्बर म्हणजे कोरफड.

हिराबोळाचे झाड (कॉमिफोरा मिऱ्हा) बुटके आणि काटेरी. ते सोमालिया, इथिओपिया, येमेन येथील कोरड्या प्रदेशांत वाढते. आपल्या ओळखीचा गुग्गुळ त्याच्याच भाऊबंदांपैकी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात सोमाली किनाऱ्यावरून निघणाऱ्या मालात बोळ आहे, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील पेठांमध्ये आपले कल्याणही आहे. एकोणिसाव्या शतकात एडन आणि बर्बेरा येथून बोळ मुंबईला येई, तेथे निवडला जाई आणि मग युरोपला जाई. म्हणून तिकडे त्याला ‘ईस्ट इंडियन’ बोळ म्हणत. वास्तविक ते झाड येथले नव्हेच! नावाने फसवण्याची बोळाची खोड अशी जुनी आहे.

हिराबोळाच्या खड्यात तीन गोष्टी असतात : सुमारे ३० ते ६० टक्के डिंक, २५ ते ४० टक्के राळ आणि २ ते १० टक्के बाष्पनशील तेल. डिंक पाण्यात विरघळतो, राळ मद्यार्कात. तेल मिळवण्यासाठी खड्यांच्या भुकटीतून वाफ सोडतात आणि ती थंड करतात. गंमत अशी, की तेलातले मुख्य घटक २०० अंश सेल्सिअसच्याही वर उकळतात, तरी वाफेबरोबर ते १०० अंशांच्या किंचित खालीच निघून येतात. पाणी आणि तेल यांच्या बाष्पदाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली, की मिश्रण उकळू लागते. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांमुळे बॉयलर आणि कंडेन्सर हे शब्द मुलांच्या कानांवरून गेलेले असतात. त्यांचे काम समजावायला हे चांगले उदाहरण आहे.

म्हणजे तेलाच्या बाटलीत डिंक नाही आणि राळही नाही. त्यामुळे आजीच्या बोळाचे गुण जसेच्या तसे तेलाला चिकटवता येत नाहीत. तेलाचा मोठा उपयोग सुगंधासाठी : अत्तरे, साबण, दंतमंजने. ते सावकाश उडते, म्हणून वास टिकतो. युरोपात हिरड्या सुजल्यास किंवा तोंड आल्यास लावतात तो बोळाचा मद्यार्कातला अर्क. त्यात राळही असते. १९९६ मध्ये इटलीतील फ्लोरेन्सच्या संशोधकांनी बोळातील सुगंधी घटकांमुळे उंदरांच्या वेदना कमी झाल्याचे दाखवले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. इजिप्तमध्ये राळ आणि तेल मिळून केलेले ‘मिराझिद’ हे औषध शिस्टोसोमा या कृमींवर फार गुणकारी असल्याचे आधी जाहीर झाले. इतरांनी २००५ च्या सुमारास पुन्हा तपासले, तेव्हा मात्र बरे होणाऱ्यांचे प्रमाण फारच कमी निघाले. एका प्रयोगावर विसंबू नये, ते यासाठीच.

वर्गात हे करून पाहा. दोन्ही बोळांचे वाटाण्याएवढे खडे वेगवेगळे कुटून घ्या. हिराबोळ थंड पाण्यात घोटला की पिवळसर दुधाळ मिश्रण होते. काळा बोळ गरम पाण्यात विरघळून गडद तपकिरी द्रावण होते. या द्रावणात चिमूटभर टाकणखार घालून तापवा आणि त्याचे काही थेंब पाण्याने भरलेल्या परीक्षानळीत टाका. उजेडात हिरवी झाक चमकते. ती कोरफडीची खूण. चव मात्र कोणी पाहू नये.

हे तेल पिऊ नये आणि निव्वळ तेल अंगाला चोळू नये. गरोदरपणी बोळ पोटात घेणे टाळावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि बाळंतिणीनेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

प्रयोग झाला की मुलांना घरी जाऊन ‘बोळ’ या शब्दाची चौकशी करायला सांगा. फळ्यावर दोन रकाने आखा : झाडाचा चीक आणि कोरफडीचा रस. आलेले प्रत्येक नाव योग्य रकान्यात बसवता आले, तर पुढच्या वेळी दुकानदाराच्या प्रश्नाला ती मुले बिनचूक उत्तर देतील.