काम गेलं, नाव राहिलं

जुना लिनक्स सर्व्हर अपडेट करून लॉग उघडला, की कधीकधी एक ओळ दिसते : अमुक फाइल, ओळ २७, ‘डेप्रिकेटेड ऑप्शन कीरीजनरेशनइंटर्व्हल’. म्हणजे हे सेटिंग मोडीत निघालं आहे. एवढं सांगून प्रोग्रॅम निमूट कामाला लागतो.

हा प्रोग्रॅम ओपनएसएसएचचा. दूरच्या कंप्युटरवर सुरक्षित लॉगिन करता यावं म्हणून ‘ओपनबीएसडी’ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी १९९९मध्ये तो हाती घेतला. एसएसएचच्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये सर्व्हरची एक तात्पुरती किल्ली असे. ती किती सेकंदांनी बदलायची, ते हे सेटिंग सांगे; एरवी ३६००, म्हणजे तासाभराने. पुढे त्या प्रोटोकॉलमधल्या उणिवा उघड झाल्या आणि डिसेंबर २०१६च्या ७.४ आवृत्तीत तो सर्व्हरमधून हद्दपार झाला. किल्लीच उरली नाही, तर ती बदलायची कधी?

मग ते नावही पुसून का टाकलं नाही?

कारण अनोळखी शब्द दिसला, की हा प्रोग्रॅम सुरूच व्हायला नकार देतो. त्याचंही बरोबरच आहे. स्पेलिंगची चूक खपवून घेतली, तर मालकाला वाटेल कडी लावली आहे, आणि दार सताड उघडं! पण समजा, यंत्र दुसऱ्या शहरात आहे आणि फाइलीत दहा वर्षांपूर्वीची ओळ. अपडेटनंतर प्रोग्रॅम अडून बसला, तर दुरुस्तीला जायचा रस्ताच बंद. म्हणून ‘सर्व्हकॉन्फ डॉट सी’ या सोर्स फाइलीतल्या शब्दांच्या तक्त्यात गेलेल्यांची नावंही जपली आहेत, बहुतेकांपुढे ‘एसडेप्रिकेटेड’ असा शिक्का मारून. शब्द ओळखायचा, पण ऐकायचा नाही.

त्याच तक्त्यात ‘यूजप्रिव्हिलेजसेपरेशन’ही आहे. २००२मध्ये प्रोग्रॅमचे दोन भाग झाले : लॉगिन होण्याआधी परक्याशी बोलणारा भाग बिनअधिकाराचा, आणि सगळे अधिकार पाठीमागच्या छोट्या भागाकडे. बोलणारा फितवला गेला, तरी तिजोरी शाबूत. ही सोय हवी की नको, ते सेटिंगमध्ये ठरवता येई. २०१७च्या ७.५ आवृत्तीने ती सक्तीची केली आणि विचारायचं कारणच संपलं.

एक सेटिंग हरून गेलं, दुसरं जिंकून. तक्त्यात शिक्का मात्र दोघांपुढे तोच.