घोरणे लपवू नका

उरण-पनवेलच्या खेड्यांतली माणसे ऑपरेशनसाठी वाशी, नेरूळ, कामोठे येथल्या इस्पितळांत जातात. भूल देणारे डॉक्टर आधी विचारतात, "झोपेत घोरता का?" पुष्कळ जण लाजून "नाही" म्हणतात. तसे करू नये, असे आम्ही सांगतो. का ते ऐका.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते. काहींची श्वासाची वाटच बंद होते. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबतो. मग माणूस दचकतो, श्वास घेतो. रात्रभर असेच चालते. या आजाराला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. भुलेने घसा आणखी सैल होतो. शिवाय गुंगीत माणूस दचकून जागा होत नाही. धोका तिथेच आहे.

आपले घोरणे आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून रात्री शेजारी निजणाऱ्या माणसाला संगती न्या. श्वास थांबतो का, ते तो सांगेल. नाकावाटे हवा सोडून घसा उघडा ठेवणारे 'सीपॅप' यंत्र असते. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ते जगापुढे आणले. ते तुमच्याकडे असेल, तर रोज लावा. इस्पितळातही बरोबर न्या. दारू पिऊ नका. आपल्या मनाने झोपेची गोळी घेऊ नका.

आधी कळले, तर डॉक्टर जमेल तिथे तेवढाच भाग बधिर करतात. बोटाला चिमटा लावून रक्तातल्या प्राणवायूवर लक्ष ठेवतात. खरे सांगण्यात जीव वाचतो. मग लाज कसली?